सलाबाईचा हुकूम : 1922 ची एक दारूबंदी

आज ज्या दारूबंदीची गोष्ट सांगणार आहे, ती कुठल्याही सरकारने केलेली नव्हती. वर्ष 1922. मुलूख दक्षिण गुजरातचा, म्हणजे सुरत जिल्हा आणि त्याला लागून असलेली बडोदा संस्थानाची गावं. माणसं चौधरी, गामित, धोडिया, कोकणा या आदिवासी समाजांची.

आधी थोडी पार्श्वभूमी. मोहाची दारू आदिवासींना नवी नव्हती. जन्म, लग्न, मयत, देवाचा नैवेद्य, सगळीकडे ती असायची. पण ती घरी गाळलेली असायची आणि कधी प्यायची हे समाज ठरवायचा. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने घरची भट्टी गुन्हा ठरवली. दारू सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या भट्ट्यांत गाळायची आणि मक्तेदाराच्या दुकानात विकायची. 1892 साली तर ठाणे-कुलाबा भागात मोहाची फुलं बाळगण्यावरही निर्बंध आले. सरकारला महसूल हवा होता.

याचा परिणाम काय झाला? जी दारू सणाला होती, ती रोजची झाली आणि उधारीवर मिळू लागली. दुकानदार बहुधा पारशी आणि अनेकदा तोच जमीनदार. उधारी फेडायला त्याच्याच शेतात राबायचं, नाहीतर जमीन त्याच्या नावावर करायची. व्यसन आणि कर्ज हे एकाच साखळीचे दोन दुवे होते.

अशा वेळी देवी आली. मूळ पालघरकडच्या किनाऱ्यावर, कोळी वस्त्यांत. तिथे तो देवीचा रोग शांत करण्याचा विधी होता. तो घाट चढला, डांगातून फिरला आणि नोव्हेंबर 1922 मध्ये सुरत जिल्ह्यात पोचला, तेव्हा त्याचं रूप पालटलं होतं. शेकडो माणसं मोकळ्या जागी जमत. अंगात आलेली माणसं देवी सलाबाईचे हुकूम सांगत. दारू-ताडी सोडा, मांस-मासळी सोडा, रोज आंघोळ करा, दारूवाल्या पारशांकडे कामाला जाऊ नका. मग सगळे एकत्र जेवून घरी जात. काही आठवड्यांत जिल्हाभर हे लोण पसरलं. पुढे देवीच्या हुकमात खादी आली, गांधींचं नावही आलं. गांधी त्या वेळी येरवड्याच्या तुरुंगात होते. ही चळवळ त्यांनी सुरू केलेली नव्हती. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी 1987 च्या आपल्या ग्रंथात हे तपशिलाने मांडलं आहे.

मंडळी, आता मुद्द्याकडे येऊ. मी आयुष्य फौजेत काढलं. तिथे रम मिळते, पण मोजून. एकट्याने सोडलेली दारू सुट्टीवर गेल्यावर परत धरताना मी जवान पाहिले आहेत. ज्याच्या घरच्यांनी आणि गावाने त्याच्याबरोबर शपथ घेतली, तो टिकायचा. सलाबाईने नेमकं हेच केलं. शपथ एकट्याची नव्हती, आख्ख्या गावाची होती. ती आदिवासींच्याच भाषेत, त्यांच्याच माणसांच्या तोंडून आली. आणि तिने पेल्याबरोबर उधारीवरही घाव घातला.

कोणी म्हणेल, मोह ही तर त्यांची परंपरा, मग दारू सोडणं म्हणजे संस्कृती सोडणं नव्हे का? तसं नाही. देवी अंगात येणं, जमावाने हुकूम ऐकणं, पंगत बसणं हीसुद्धा त्यांचीच परंपरा. काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे त्यांनी स्वतः ठरवलं. छोटानागपूरच्या उरांवांमध्ये 1914 साली जत्रा भगतांनी सुरू केलेल्या टाना भगत पंथातही दारूत्याग होता आणि बेगारीला नकारही होता.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. वर्षभरात पुष्कळजण पुन्हा प्यायला लागले. गावागावांत दोन तट पडले. शपथ पाळणारे ‘वरजेला’ आणि पुन्हा पिणारे ‘सरजेला’. अंगातला वारा ओसरतो, त्यानंतर रोजचा आधार लागतो. पाळणाऱ्यांना तो पुढे परिषदांतून, भजनांतून आणि वेडछीसारख्या आश्रमांतून मिळाला.

आजही हा धडा उपयोगी आहे. गडचिरोलीत 1993 साली दारूबंदी आली ती लोकांच्या आंदोलनामुळे. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला दारूविक्रीवर बंदी किंवा नियंत्रण आणण्याचा अधिकार दिला आहे. तो कागदावर पडून राहू नये. तुमच्यापैकी कोणी अशा गावांत व्यसनमुक्तीचं काम करत असेल, तर गोळ्या-औषधं आणि समुपदेशन जरूर न्या. पण आधी गावच्या भगताला, पुजाऱ्याला आणि बायकांच्या गटाला भेटा. दुकानाची उधारी कोणाकडे किती आहे, तेही विचारा. आणि शपथ मोडून परत आलेल्या माणसाला पंगतीत जागा ठेवा. 1923 मध्ये ती जागा पुष्कळांना मिळाली नाही.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.