यकृतार्बुदाची नाकेबंदी

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यकृताच्या कर्करोगाने जपानमध्ये जे थैमान घातले, त्यात वैद्यांना हतबल केले ते अर्बुदाने तितकेसे नव्हे, जितके ज्या यकृतात ते उगवे त्या यकृताच्या जीर्णावस्थेने. कारण हिपॅटायटिसच्या विषाणूने वर्षानुवर्षे पोखरलेल्या आणि सिरोसिसने कठीण झालेल्या त्या इंद्रियाचा मोठा भाग कापून काढला, तर उरलेल्याला शरीराचा कारभार पेलवेल याची शाश्वती नसे. शस्त्र बाजूला ठेवून दुसरी तजवीज शोधणे प्राप्तच होते.

ती दडलेली होती यकृताच्या रक्तपुरवठ्यात. यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या प्रतिहारिणी शिरेतून मिळते आणि उरलेले धमनीतून. अर्बुद मात्र मुख्यत्वे धमनीवरच पोसले जाते, असे ब्रीडिस आणि यंग यांनी १९५४ साली दाखवले. त्याच्या आदल्याच वर्षी स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी त्वचेला केवळ छिद्र पाडून, सुई, तार आणि नळी यांच्या साह्याने धमनीत शिरण्याची रीत प्रसिद्ध केली होती. अर्बुदाची रसद तोडावी आणि यकृत मात्र उपाशी राहू नये, असा वेढा आता शक्य झाला. सत्तरीच्या दशकात फ्रान्समध्ये तसे प्रयत्न झाले. पण या उपचाराला खरा जम बसवला तो ओसाकाच्या यामादा यांनी. जिलेटिनच्या स्पंजाचे औषधात भिजवलेले तुकडे नळीवाटे सोडून त्यांनी धमनी बुजवली आणि १९८३ साली १२० रुग्णांचा वृत्तांत जगापुढे ठेवला. पुढे या कामी लिपिओडॉल नावाचे आयोडीनयुक्त तेलही रुजू झाले. मूळचे ते खसखशीचे तेल, म्हणजे आपल्या माजघरातलेच. पण अर्बुदात ते रेंगाळते, आणि क्ष-किरणांखाली त्याचा ठावठिकाणा उघड करते.

तथापि वेढा कितीही कडेकोट असला, तरी कडेच्या पेशींना प्रतिहारिणीतून गुपचूप शिधा मिळतच असे. याच सुमारास चिबा येथील वैद्य अल्ट्रासाउंडच्या साह्याने नेमकी सुई अर्बुदात रोवून त्यात शुद्ध अल्कोहोल सोडीत होते. तीन सेंटिमीटरपर्यंतच्या अर्बुदांत ते छान पसरे. मोठ्या अर्बुदांतील पडद्यांपाशी अडे. योकोहामातील तनाका प्रभृतींनी हे दोन अपुरे उपाय एकत्र आणले. धमनी आधी बुजवली की आतला भाग मरतो, पडदे ढासळतात, आणि मग अल्कोहोलला वाट मोकळी होते.

अल्कोहोलची जागा पुढे सुईवाटेच दिलेल्या विद्युत्-उष्णतेने घेतली, तरी क्रम बदलला नाही. कारण वाहते रक्त उष्णता हिरावून नेते, आणि रक्तच थांबवले की ती जागच्या जागी मुरते. ग्वांगझूच्या वैद्यांनी १८९ रुग्णांवर परीक्षा करून २०१३ साली दाखवले, की सात सेंटिमीटरपर्यंतची अर्बुदे केवळ जाळण्यापेक्षा धमनी आधी बुजवून मग जाळली, तर रुग्ण अधिक काळ जगतात. तीन सेंटिमीटरच्या आतल्या अर्बुदांत मात्र, जपानमध्येच त्याआधी झालेल्या परीक्षेनुसार, या जोडीने फारसा फरक पडत नाही. तेवढ्यांना एकटी सुईच पुरते.