रांगेचं गणित

गेल्या शनिवारी नाटकाला गेलो होतो. मध्यंतरात मी पाच मिनिटांत मोकळा होऊन बटाटेवडाही खाल्ला. बायको मात्र तिसरी घंटा होऊन गेल्यावर अंधारात चाचपडत आली. "रांग होती रे," एवढंच म्हणाली.

अशाच एका रांगेतून अमेरिकेत कायदा झालाय. कॅलिफोर्नियाचे सिनेटर आर्ट टॉरेस हॉलिवूड बोलला चायकॉव्हस्कीचं संगीत ऐकायला गेले होते. पत्नी आणि मुलगी स्वच्छतागृहाकडे गेल्या, त्या लवकर येईचनात! टॉरेसनी विधेयक मांडलं आणि १९८७ मध्ये कायदा झाला. नव्या सार्वजनिक इमारतींत बायकांची सोय पुरेशी हवी.

आता गोम बघा. आराखड्यात दोघांना जागा सारखीच असायची. पण तेवढ्याच जागेत मुताऱ्या जास्त बसतात, संडास कमी. त्यात बायकांना वेळ जवळजवळ दुप्पट लागतो. आमच्या भाषेत, सर्व्हर कमी आणि प्रत्येक रिक्वेस्टला वेळ जास्त. क्यू वाढणारच! म्हणून न्यूयॉर्क शहराने २००५ मध्ये नवी थिएटरं, बार, स्टेडियम यांना पुरुषांच्या एका जागेमागे बायकांना दोन, असा नियम लावला.

गंमत शिकागोत झाली. सोल्जर फील्ड स्टेडियम २००३ मध्ये नव्याने बांधलं, तेव्हा पुरुषांच्या रांगा लागल्या. तक्रारी झाल्या, आणि २००४ मध्येच बायकांची काही स्वच्छतागृहं पुरुषांना देऊन टाकली. बायकांचं ऐकायला किती वर्षं लागली होती?

असो. बुडालेला प्रवेश घरी येताना मी बायकोला सांगितला. तिकीट मात्र दोघांचं सारख्याच किमतीचं होतं.