दुष्काळातले तुकोबा

तुकोबांच्या गाथेत एक अभंग आहे, तिथे मी दर वेळी अडखळतो. त्यात ते विठोबाला सांगतात की बायको गेली ती सुटली, मूल गेलं तेही बरंच झालं, देवाने मायेतून मोकळं केलं. कीर्तनात हे आलं की माना डोलतात. मला मात्र ते मूल आठवत राहतं. परंपरा त्याचं नाव संतू सांगते.

हे 'बरं' कुठून आलं ते पाहायचं तर १६३० सालात जावं लागतं. त्या वर्षी दख्खन आणि गुजरातेत पावसाने दगा दिला. फेब्रुवारीत शिवनेरीवर शिवाजीराजे जन्मले होते. त्याच सुमारास आदिलशाही फौजेने पुणं उद्ध्वस्त केलं, आणि निजामशाही बुडवायला शाहजहान बऱ्हाणपुरात तळ ठोकून बसला. त्याच्याच दरबारचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी लिहितो, की बकऱ्याचं म्हणून कुत्र्याचं मांस विकलं जाई आणि पिठात हाडांची पूड मिसळली जाई. पीटर मंडी नावाचा इंग्रज तेव्हा सुरतेहून आग्र्याला निघाला होता. वाटेत त्याला प्रेतं दिसली, आणि धान्याने लादलेले बैलांचे तांडेही दिसले. पण ते धान्य बादशाही लष्करासाठी चाललं होतं!

देहूच्या वाण्याच्या घरात काय झालं असेल याची कल्पना करा. आईवडील आधीच गेलेले. थोरले भाऊ सावजी विरक्त होऊन घर सोडून गेलेले. तुकोबांचा जन्म १६०८ चा धरला तर वय जेमतेम बावीस. पदरात दोन बायका, मूल, धाकटा भाऊ आणि बुडत चाललेला धंदा.

आता गाथेतलाच दुसरा अभंग घ्या. संतांनी विचारलं म्हणून सांगतो, एरवी हे बोलू नये, अशी सुरुवात करून तुकोबा आपली हकीकत सांगतात. दुष्काळाने पैसा गेला, मान गेला, एक बायको अन्नासाठी तळमळत मेली. या दुःखाची लाज वाटते, असंही ते म्हणतात. इथे 'बरं झालं' कुठेही नाही.

माणूस एकच, मरणही तेच. मला वाटतं, हे दोन्ही अभंग शेजारी ठेवूनच वाचायला हवेत. आमच्या घरी एक मृत्यू झाला तेव्हा समाचाराला आलेले एक गृहस्थ पाटावर टेकायच्या आत म्हणाले होते, "देव करतो ते बऱ्यासाठीच." चहा घेऊन गेले बिचारे. असो. तुकोबांनी ते 'बरं' शेजाऱ्याच्या दुःखावर ठेवलेलं नाही. ते स्वतःच्या घराबद्दल आहे, आणि थेट विठोबाला उद्देशून आहे. दिवाळं निघालं ते बरं झालं, असं ज्याला सांगितलं त्याच विठोबाशी ते कडाकडा भांडतातही. माझ्यापुरता तू मेलास, इथवर जातात. भरवसा असल्याशिवाय इतकं भांडता येत नाही. परक्याशी आपण सभ्यपणेच बोलतो, नाही का?

आणि देव चांगला आहे हे त्यांना आधी पटलं आणि मग ते उठले, असंही दिसत नाही. त्याच हकीकतीत बायकोच्या मरणानंतर लगेच येतं ते देवळाचं. विठोबाचं देऊळ मोडकळीला आलं होतं, ते नीट करावंसं मनात आलं. धंदा सावरायच्या आधी देऊळ! भजन-कीर्तन, संतांची वचनं पाठ करणं, हे सगळं त्याच्या पुढचं.

कर्जखतांची गोष्ट महिपतींनी शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली. दुष्काळात पिचलेल्या कुळांकडून येणं होतं. तुकोबांनी सगळी खतं इंद्रायणीत टाकायला काढली, तेव्हा धाकटे कान्होबा म्हणाले, मला संसार करायचा आहे. तुकोबांनी त्यांना उपदेश केला नाही. निम्मी खतं त्यांच्या हातात दिली, आणि आपली निम्मी तेवढी पाण्यात सोडली.