पंगत, आगटी आणि टेबल : सोलापूरच्या शिवारातील जेवणाच्या मांडणीचा इतिहास (धागा)

डिसेंबर उजाडला की सोलापूरहून मोहोळ, मंगळवेढा, बार्शी, अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेला ‘हुरडा पार्टी’चे फलक दिसू लागतात. फलकाच्या मागे शेतात चिंचेच्या किंवा कडुलिंबाच्या सावलीत लांब टेबल मांडलेले असते. त्यावर सोलापुरी चादर, मधोमध पाण्यावर झेंडूच्या पाकळ्या सोडलेले पितळी घंगाळ, पळसाच्या पत्रावळी, मातीची लोटकी, शेंगा चटणीची वाटी आणि शेजारी बाजेवर अंथरलेली घोंगडी. मांडणी देखणी असते, यात शंका नाही. शहरातून आलेले पाहुणे आधी तिचे छायाचित्र घेतात, मग बसतात.

या मांडणीतील जवळजवळ प्रत्येक वस्तू कोणत्या ना कोणत्या जुन्या पंगतीतून उठून येथे आली आहे. उपरे आहे ते फक्त टेबल, आणि त्याचेही नाव या भाषेत वाटते त्याहून जुने आहे. उघड्यावरचे जेवण सजवण्याची ही हौस या भागात किती जुनी, तिच्यात कोण बसत होते आणि कोण उभे होते, याचा हा मागोवा.

आरंभ राजापासून करावा लागतो, कारण लेखी पुरावा त्याचाच आहे. सोलापूरपासून सुमारे शंभर-सव्वाशे किलोमीटरवर कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण. तेथील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३०च्या आसपास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. सोलापूरचा प्रदेश तेव्हा याच राज्यात होता. ग्रंथाचे पाच भाग, प्रत्येक भागात वीस प्रकरणे. म्हणून त्या भागांना ‘विंशती’ म्हणतात. राज्य मिळवणे आणि टिकवणे हे विषय पहिल्या दोन विंशतींत उरकतात. उरलेल्या तिन्ही विंशती उपभोग, विनोद आणि क्रीडा यांना दिलेल्या आहेत. राजाने स्वतःच्या वेळेची वाटणी कशी केली होती, हे यावरून ताडता येते.

अन्नभोगाच्या प्रकरणात भोजनाची मांडणी बारकाईने येते. राजाने गादीच्या आसनावर बसावे. नाभीपासून गुडघ्यांपर्यंत शुभ्र वस्त्र पसरावे. पुढे सोन्याचे ताट आणि वाट्या असाव्यात. वाढण्यालाही क्रम आहे : मधल्या टप्प्यावर पायस, शेवटाकडे दही आणि सैंधव घातलेले ताक. मांडीवर पसरायच्या त्या पांढऱ्या वस्त्राकडे विशेष लक्ष द्यावे. नॅपकिन ही साहेबाची देणगी, असे आपल्याकडे सहज बोलले जाते. कल्याणीच्या राजाला ती गरज नऊशे वर्षांपूर्वी जाणवली होती. आज सोलापूर नॅपकिन आणि टॉवेल विणून जगभर पाठवते, हा पुढचा योगायोग.

आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र क्रीडाविंशती अधिक मोलाची आहे. उघड्यावरच्या करमणुकींची तेथे एक मालिकाच आहे. वनक्रीडा, हिरवळीवरची शाद्वलक्रीडा, वाळूवरची वालुकाक्रीडा, चांदण्यातील ज्योत्स्नाक्रीडा, आणि यांच्याच जोडीला ‘सस्यक्रीडा’. सस्य म्हणजे शेतात उभे असलेले पीक. दख्खनच्या राजाला उभ्या पिकात जाऊन रमणे हा चांदण्याइतकाच राजस विलास वाटत होता, एवढे या एका शब्दावरून निश्चित म्हणता येते. आजच्या हुरडा पार्टीची वंशावळ थेट सोमेश्वरापर्यंत नेण्याचा मोह मात्र टाळावा. राजा शेतात रमायला जात होता. कुणबी तेथे आधीपासूनच होता आणि पीक हातात आले की ते तेथेच भाजून खायला त्याला ग्रंथाची गरज नव्हती. याच ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. राजाच्या ताटातील धान्य कांडणारे हात ग्रंथात दिसतात ते असे, संगीताच्या प्रकरणात.

त्याच शतकात सोलापुरात, तेव्हाच्या सोन्नलिगेत, सिद्धरामेश्वर तलाव खोदून घेत होते, आणि कल्याणीत बसवेश्वरांचे शरण ‘दासोह’ सांगत होते. दासोह म्हणजे कष्टाने मिळवलेले वाटून खाणे, तेही जात न विचारता. एकाच राजधानीच्या परिघात, काही दशकांच्या अंतराने, भोजनाचे हे दोन विचार उभे राहिले. एकात ताट सोन्याचे होते आणि त्यावर बसणारा एक. दुसऱ्यात ताट कशाचे आहे याला महत्त्वच नव्हते. सोलापूरच्या शिवारात पुढे जे जे जेवण मांडले गेले, ते या दोहोंमध्ये कुठेतरी हेलकावत राहिले.

मधला सुलतानी काळ येथे थोडक्यात घेऊ. बहमनी, मग निजामशाही आणि आदिलशाही. सोलापूरचा किल्ला या दोन घराण्यांच्या सोयरिकींत हुंडा म्हणून कबूल केला जाई आणि मग त्याच्यावरून लढाया होत. या काळाने मांडणीला दोन शब्द दिले. एक ‘दस्तरखान’, म्हणजे जमिनीवर पसरून ज्यावर अन्न मांडायचे ते कापड. दुसरा ‘मेजवानी’. फारसी ‘मेजबान’ म्हणजे यजमान, आणि त्या शब्दात मेज दडलेले आहे. मराठी माणसे शेकडो वर्षे जमिनीवर मांडी घालून मेजवान्या झोडत होती आणि मेज तेवढे शब्दात होते. साहेबाच्या छावणीतून ते प्रत्यक्षात आले ते फार उशिरा.

पंगतीची शिस्त पेशवाईत कळसाला पोहोचली. पाट, केळीचे पान, पानाभोवती रांगोळी, उदबत्ती, समई, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, मीठ वरच्या टोकाला. १७८३ साली सवाई माधवरावांच्या लग्नासाठी नाना फडणविसांच्या देखरेखीखाली व्यवस्थेच्या ज्या यादी तयार झाल्या, त्यांत कारभाऱ्याची नजर कुठवर पोहोचत होती ते कळते. या पंगतीचे सौंदर्य नाकारण्याचे कारण नाही. पण ती रांग होती. रांगेला पहिले टोक असते आणि शेवटचेही. कोण कोणाशेजारी बसेल, कोणाची पंगत आधी उठेल, कोणाला अंगणाबाहेर वाढले जाईल, हे पान मांडण्याआधी ठरलेले असे.

शिवारातली आगटी या बाबतीत वेगळी आहे, आणि हुरड्याचा इतिहास लिहिताना खरे लक्ष तिच्याकडे द्यायला हवे.

रब्बीची ज्वारी निसवते, दाण्यात दूध भरते, आणि ते दूध आटून दाणा घट्ट होण्याआधी मोजके काही दिवस असे येतात की दाणा हिरवा, मऊ आणि गोड असतो. त्या अवस्थेत पीक ‘हुरड्यात आले’ असे म्हणतात. त्यानंतर दाण्यातील साखरेचे पीठ होते आणि गोडी संपते. म्हणून हुरड्याचे आमंत्रण पंचांगावरून देता येत नाही. ते शेताला विचारून द्यावे लागते. कणसे सकाळी काढतात. जमिनीत खड्डा करून त्यात गोवऱ्या पेटवतात, ही आगटी. जाळ ओसरून निखारे झाले की त्यात कणसे खुपसतात. भाजलेले कणीस गरम असतानाच तळहातावर चोळायचे, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि दाणे पुढच्याच्या हाती द्यायचे. सोबत शेंगदाण्याची वा लसणाची चटणी, गूळ, दही. थंड झालेल्या हुरड्यात काही अर्थ उरत नाही. त्यामुळे खाणाऱ्याला निखाऱ्यांजवळ यावेच लागते, आणि सगळे आगटीभोवती गोल बसतात. गोलाला पहिले टोक नसते.

म्हणून आगटी समतेची होती असे लिहून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे नाही. वर्तुळात एक जागा कायम वेगळी असते : चोळणाऱ्याची. कणीस निखाऱ्यातून काढताना चटका त्याच्या हाताला बसतो आणि घास शेवटी मिळतो. मालक पाहुण्यांना घेऊन शेतात आला की ही जागा सालगड्याची आणि त्याच्या घरच्या बायकांची असे. ज्या घरात शेत कसणारा आणि खाणारा एकच, तेथे चोळणारा हात आळीपाळीने बदलतो. तेव्हा आगटी कोणाची, एवढे कळले की बाकीचे आपोआप कळते.

सीमेपलीकडे विजयपूर-कलबुर्गीत याच खाद्याला ‘सीतनी’ म्हणतात, आणि कानडीतील ‘जोळ’ म्हणजे आपली ज्वारीच. हा संस्कार मराठी की कानडी, असा वाद सोलापुरात घालण्यात फारसा हशील नाही.

याच पट्ट्यातील दुसरे शिवारभोजन म्हणजे वेळ अमावस्या, बोलीत ‘येळवस’. कानडीतील ‘एळ्ळ अमावास्ये’, म्हणजे तिळाची अमावास्या, मराठीच्या तोंडी बसताना अशी झाली. मार्गशीर्ष अमावास्येला लातूर, धाराशिव आणि सोलापूरच्या सीमेलगतच्या तालुक्यांत गावे ओस पडतात आणि शेते भरतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारून आत चुन्याने रंगवलेले पाच पांडव मांडतात. मातीच्या मडक्यात ताक आणि ज्वारीच्या पिठाची आंबील, हिरव्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची एकत्र शिजवलेली भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या, गव्हाची खीर. पूजा झाली की आंबील पिकावर शिंपडतात. पहिला घास शेताचा. ज्याला शेत नाही त्याला ज्याला आहे त्याने बोलवायचे, हा तिथला शिष्टाचार. ही मांडणीही सजावटच आहे, फक्त वाळला कडबा, चुना आणि माती यांनी केलेली. एकही वस्तू विकत आणावी लागत नाही.

सोलापूरच्या जेवणाचा इतिहास अवर्षणाला वगळून सांगता येत नाही. मंगळवेढ्याचे दामाजीपंत दुष्काळात बहमनी सुलतानाची कोठारे उघडतात, ही कथा महाराष्ट्रातील प्रत्येक कीर्तनकाराला पाठ आहे. तिच्यातील ऐतिहासिक भाग किती, हा प्रश्न वेगळा. पण ती कथा ज्वारीच्याच मुलखात जन्मावी याचे नवल वाटत नाही. १८७६-७८च्या दुष्काळात सोलापूर हा सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. त्याच दुष्काळात, १८७७ साली, मोरारजी गोकुळदासांची कापडगिरणी सुरू झाली; तीच पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली गेली. रान ओस पडले होते आणि भोंग्याला माणसे हवी होती. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी मागांचे शहर घडवले आणि सोलापुरी चादर व टॉवेल यांना पुढे भौगोलिक मानांकन मिळाले. टेबलावर अंथरली जाणारी ती चादर म्हणजे शेतातून बाहेर पडलेल्यांच्या आणि मागावर बसलेल्यांच्या शहराचे कापड आहे. ते पुन्हा शेतात येऊन पडते, तेव्हा हा प्रवास फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

१९७२च्या दुष्काळाची आठवण अजून जिवंत आहे. खडी फोडण्याची कामे आणि रेशनवरची अमेरिकेहून आलेली लाल ‘मिलो’. तीही ज्वारीच, पण ज्यांनी मालदांडीची पांढरी भाकरी खाल्ली होती त्यांच्या घशाखाली ती उतरत नसे. ही मालदांडी याच जिल्ह्यातली. मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३०च्या दशकात स्थानिक वाणातून निवडलेली ‘एम ३५-१’ आजही रब्बी ज्वारीत मानाचे स्थान राखून आहे, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला मानांकनही आहे. हुरड्यासाठी गूळभेंडीसारखे जुने गोड वाण वेगळे ठेवले जात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने त्यांच्या जोडीला ‘फुले उत्तरा’ आणि ‘फुले मधुर’ असे खास हुरड्याचे वाण दिले.

वाण आले, पण त्यांच्याभोवतीचे रान बदलले. उजनीचे पाणी आल्यावर भीमेच्या काठाने ऊस पसरला आणि जिल्हा साखर कारखान्यांचा झाला. ज्वारी कोरडवाहू काळ्या रानात मागे सरकली. काढणीला मजूर मिळत नाहीत, कडब्याला जनावरे उरली नाहीत, धान्याचा भाव पुरत नाही. अशा स्थितीत हुरड्यापुरते दोन एकर राखणारा शेतकरी नफ्याचे गणित करतो, आणि त्यात गैर काही नाही. उभे पीक कोवळेपणी विकून त्याला पक्व धान्याहून चार पैसे अधिक मिळत असतील, तर ते टेबल त्या रानाला ज्वारीखाली टिकवून धरते आहे. नाके मुरडण्यापूर्वी अभ्यासकांनी हा हिशेब करावा. तक्रार करायचीच तर एकाच गोष्टीची करता येईल. टेबल आले, तशी आगटी दूर गेली. धूर पाहुण्यांच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून ती झाडीमागे हलवली जाते, आणि चोळलेला हुरडा वाडग्यातून टेबलावर येतो, बहुधा कोमट होऊन.

झाडीमागे रोजंदारीवर आलेल्या दोन-तीन बायका बसलेल्या असतात. शेजारी कणसांचा ढीग, तळहात काळे झालेले. टेबलावरची मंडळी उठून गेल्यावर त्या निखाऱ्यात शेवटची दोन कणसे टाकतात, चोळतात आणि उभ्या-उभ्या खातात. मग आगटीवर माती लोटतात.