साखरेतील अनुकृती : हलव्याचे दागिने आणि गाठी

प्रस्तावना

केकवर हुबेहूब घडविलेली साखरेची फुले, टोप्या वा प्राणी पाहून ही कला केवळ पाश्चात्त्य आहे, असा समज होतो. तथापि महाराष्ट्रात हलव्याचे दागिने व साखरेच्या गाठी या रूपांत खाद्य अनुकृतीची स्वतंत्र परंपरा आढळते. तिचे स्वरूप आणि तिच्यातील बदल यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड व शर्करा या पदार्थांचा उल्लेख आहे. साखर दीर्घकाळ महाग असल्याने तिची प्रतिमा घडविणे हे वैभवाचे लक्षण मानले गेले. अकराव्या शतकात कैरोत गेलेल्या नासिर खुस्रो या फारसी प्रवाशाने फातिमी खलिफाच्या मेजवानीतील साखरेच्या झाडाचे वर्णन केले आहे. इंग्लंडमध्ये अशा प्रतिमा राजदरबारातून खालच्या वर्गांपर्यंत कशा पोहोचल्या, हे सिडनी मिंट्झ यांनी 1985 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाखविले. महाराष्ट्रातील हलव्याच्या दागिन्यांची कला मात्र प्रामुख्याने घरातील स्त्रियांनी जतन केली.

निर्मितीची पद्धती

हलव्यासाठी तीळ, खसखस वा साबुदाणा मंद आचेवर परातीत ठेवून त्यावर साखरेचा पाक थोडाथोडा सोडतात आणि दाणे हाताने सतत हलवितात. प्रत्येक थर सुकल्यावरच पुढचा थर चढतो. अनेक थरांनंतर दाण्यावर काटे उमटतात. पौषातील थंड, कोरडी हवा या कामास अनुकूल असते. या दाण्यांपासून मंगळसूत्र, तन्मणी, बाजूबंद, नथ व मुकुट घडवितात. संक्रांतीला नववधू आणि बोरन्हाणाच्या वेळी बालके काळ्या वस्त्रांवर हे दागिने लेतात. पांढरा हलवा काळ्या पार्श्वभूमीवर उठून दिसतो. सोन्याचा एकही दागिना नसलेल्या घरातील सूनही त्या दिवशी अलंकृत होते, हा या प्रथेचा सामाजिक अर्थ दुर्लक्षिता येत नाही.

गाठींची रीत निराळी आहे. साच्यात दोरा ठेवून त्यावर घट्ट पाक ओततात. पाक थिजल्यावर दोऱ्यासह माळ तयार होते. गुढीपाडव्याला ती गुढीस बांधतात, तर विदर्भात होळीला लहान मुलांना गाठींची माळ देण्याची चाल आहे.

परंपरेतील बदल

कारखानदारीमुळे साखर स्वस्त झाली आणि दागिने बाजारात तयार मिळू लागले. पुठ्ठा, जर, मणी व डिंक यांचा वापर वाढल्याने दागिना अधिक हुबेहूब दिसतो. परंतु तो खाण्याजोगा राहत नाही. अनुकृती जितकी अचूक, तितकी तिची खाद्यता कमी, असा हा विरोधाभास आहे. तारा व काड्या खोचलेल्या केकच्या सजावटीतही तो दिसतो. गाठ मात्र साधी असूनही, दोरा वगळता, पूर्णतः खाद्य राहिली आहे.

समारोप

दागिना घालावा आणि नंतर वाटून खावा, यात वैभवाचे प्रदर्शन नव्हे, तर वाटप अभिप्रेत होते. खाऊन संपणारी वस्तू संग्रहालयात पोहोचत नाही; म्हणून तिचा इतिहास करणाऱ्यांच्या स्मरणातच उरतो. चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील महाविद्यालयांनी वृद्ध स्त्रियांच्या मुलाखती, गाठींचे जुने साचे व स्थानिक शब्द यांची नोंद वेळीच केल्यास स्थानिक इतिहासलेखनातील एक उणीव दूर होईल.