सायकलचं पंक्चर काढताना सोल्युशन लावल्यावर थांबतात ते कशासाठी?

पुण्याला एकेकाळी सायकलींचं शहर म्हणायचे. आज रस्ते स्कूटरनी भरलेत, तरी सकाळी सिंहगडाकडे निघालेले सायकलवाले दिसतातच. कर्वेनगरमध्ये तर विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचं संग्रहालयच उभं केलंय. पण सिंहगडाच्या वाटेवर चाक बसलं तर? पंक्चर काढायला फार काही लागत नाही: पॅच, सोल्युशन, पॉलिश पेपर, टायर खोलायचे पाने आणि पंप.

आधी व्हॉल्व्ह तपासा

व्हॉल्व्हवर थेंबभर पाणी टाका. बुडबुडे आले तर ट्यूब शाबूत आहे. साध्या सायकलींच्या व्हॉल्व्हमध्ये छोटी रबरी नळी असते. ती कुजली की हवा जाते. नळी बदलली की काम झालं.

भोक शोधा

टायरची एकच बाजू पान्याने रिमबाहेर काढा. स्क्रूड्रायव्हर घालू नका, ट्यूबला नवीन भोक पडेल. ट्यूबमध्ये हवा भरून ती थोडी थोडी पाण्यात बुडवा. बुडबुडे दिसले की तिथे खूण करा. शेजारीशेजारी दोन भोकं असतील, तर बहुतेक वेळा कारण काटा नसतं. हवा कमी असताना खड्ड्यात ट्यूब रिमवर चेमटली, असं समजा.

घासा, लावा, थांबा

ट्यूब कोरडी करून पॅचपेक्षा थोडी मोठी जागा घासा. वरचा गुळगुळीत थर आणि मळ निघाला नाही तर पॅच पकडत नाही. मग सोल्युशनचा पातळ हात द्या आणि थांबा.

सोल्युशन म्हणजे पटकन उडून जाणाऱ्या द्रवात विरघळवलेलं रबर. ओलं असतानाच पॅच लावला तर तो द्रव आत अडकतो आणि पॅच सरकतो. चमक जाऊन चिकटपणा उरला, की पॅच बसवून मधून कडेकडे जोरात दाबा. साधारण पाच मिनिटं लागतात. फुंकर मारू नका, तोंडाची वाफ लागते.

सगळ्यात मोठी चूक

टायरमध्ये काटा तसाच राहणं! बाभळीचा काटा किंवा बारीक तार आतच राहिली, तर दोन किलोमीटरवर पुन्हा पंक्चर ठरलेलं. टायरच्या आतून फडकं फिरवा, अडकेल तिथे पाहा. बोट फिरवायचं तर जपून.

पॅच कधी चालत नाही?

व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटलं असेल किंवा ट्यूब लांब चिरली असेल, तर नवीन ट्यूबच घ्या. आणि हवा नसलेल्या चाकावर बसून घरी येऊ नका. रिमखाली ट्यूब आणि टायर दोन्ही चिरतात, मग छोट्या पॅचचं काम मोठ्या खर्चावर जातं.

जाता जाता: 1887 मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉप यांनी हवेचा टायर बनवला, तो आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी. चाकाचे धक्के कमी झाले, पण पंक्चरची कटकट मागे लागली ती तेव्हापासून!