गजबजलेल्या तबकड्या

आमच्या घरच्या एका लग्नात गेल्या वैशाखात दोन मनगटे पंगतीला शेजारी शेजारी आली. एक माझ्या थोरल्या मामांचे. त्यावर एच. एम. टी.चे 'जनता' घड्याळ होते; पांढरी तबकडी, तीन काटे, घड्याळाला रोज सकाळी किल्ली द्यावयाची, आणि पट्टा तेवढा अधूनमधून बदललेला. दुसरे मनगट माझ्या भाच्याचे. त्यावर जे होते त्याला घड्याळ म्हणावे की विमानाच्या यंत्राचा सुटा भाग, असा प्रश्न पडावा. अष्टकोनी कडे, त्यावर स्क्रू, आत तीन लहान तबकड्या, कडेने आकड्यांची माळ, आणि मनगटाच्या दोन्ही बाजूंना डोकावणारा आकार. ते अस्सल होते की नक्कल, हे विचारण्याचा आगाऊपणा मी केला नाही. मामांनी मात्र चष्मा कपाळावर चढवून ते बराच वेळ न्याहाळले आणि विचारले, "अरे, यात किती वाजले ते कुठे लिहिले आहे?"

"आजोबा, वेळ मोबाइलवर दिसते," भाचा म्हणाला.

पंगतीत हशा पिकला. मामांच्या बाजूने चार माणसे बोलली, भाच्याच्या बाजूने सहा. आणि जिलबी येईपर्यंत साधे घड्याळ चांगले की भरगच्च, या प्रश्नावर वाद रंगला. हा वाद आमच्याच मांडवात पहिल्यांदा झाला असे समजण्याचे कारण नाही. घड्याळांच्या इतिहासात तो निदान अडीचशे वर्षे चालू आहे, आणि त्यात काही वेळा माणसांची पोटेही पणाला लागलेली आहेत.

पुष्कळांची अशी समजूत असते की साधे घड्याळ आधीचे आणि भपकेबाज नंतरचे. खरे पाहता क्रम उलटा आहे. अठराव्या शतकातील श्रीमंतांचे खिशातले घड्याळ हा प्रथम दागिना असे. त्याच्या पाठीवर मिनाकारीची चित्रे असत, सोन्यावर उठावाचे काम असे; वेळ सांगणे हे त्याचे दुय्यम कर्तव्य. या घड्याळाला पहिली शिस्त लावली ती आब्राम-लुई ब्रेगे या कारागिराने. हा मूळचा स्वित्झर्लंडमधील न्यूशातेलचा. १७७५ साली त्याने पॅरिसमध्ये स्वतःचे दुकान घातले. त्याने घड्याळाची जाडी कमी केली, काटे बारीक केले आणि त्यांच्या टोकाजवळ पोकळ वर्तुळ ठेवले; तबकडीवरची चित्रे पुसून तिथे यंत्राने कोरलेली अगदी सूक्ष्म, एकसुरी नक्षी आणली. ही नक्षी शोभेची तर खरीच, पण तिला कामही होते. तिच्यामुळे धातूची चकाकी मोडते, आणि वेगवेगळ्या नक्षीमुळे तबकडीचे भाग डोळ्यांना चटकन वेगळे दिसतात. वाचकांनी ही नक्षी ध्यानात ठेवावी. पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

गंमत अशी की, याच ब्रेगेच्या कारखान्यात जगातील सर्वांत गजबजलेल्या घड्याळांपैकी एक तयार झाले. १७८३ साली फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्यासाठी अशी मागणी आली की, त्या काळी ठाऊक असलेली प्रत्येक करामत या एका घड्याळात असावी. काम लांबत गेले. १७९३ साली राणीचा शिरच्छेद झाला, १८२३ साली ब्रेगे वारला, आणि घड्याळ पुरे झाले १८२७ साली! मागणाऱ्याला मिळाले नाही, आणि बनवणाऱ्याला पुरे झालेले दिसले नाही. साधेपणाच्या आद्य पुरस्कर्त्याच्या माथी हेही काम होते, हे दोन्ही पक्षांनी लक्षात घेण्याजोगे आहे.

मनगटी घड्याळाचा काळ आला तेव्हा साधेपणाने पुन्हा एकदा गादी मिळवली. १९३२ साली जिनिव्हातील पाटेक फिलिप ही नामांकित पेढी आर्थिक ओढाताणीत सापडली असता स्टर्न नावाच्या दोन भावांनी ती विकत घेतली. या भावांचा धंदा तबकड्या तयार करण्याचा. त्याच वर्षी त्या पेढीने जे गोल घड्याळ बाजारात आणले ते पुढे 'कालात्राव्हा' म्हणून प्रसिद्धीस आले. रुंदी सुमारे ३१ मिलिमीटर. सदऱ्याच्या बाहीखाली ते निमूटपणे सरकत असे. सभ्य गृहस्थाचे घड्याळ दुसऱ्याच्या नजरेत भरता कामा नये, असा एक अलिखित कायदाच त्यातून तयार झाला.

पण हा कायदा ज्यांना सवडीने वेळ पाहता येई त्यांच्यापुरता. ज्यांना घड्याळाकडून काम करून घ्यावयाचे होते त्यांच्या तबकड्या याच काळात भरत चालल्या होत्या. डॉक्टरांच्या घड्याळावर नाडी मोजण्याची मापपट्टी आली. तोफखान्यातील माणसाच्या घड्याळावर अंतराची पट्टी आली. शत्रूच्या तोफेचा जाळ दिसताच कळ दाबावयाची, आवाज कानी पडताच ती पुन्हा दाबावयाची, आणि तोफ किती लांब आहे ते काट्यावरून वाचावयाचे. मोटारी हाकणाऱ्यांसाठी वेग मोजण्याची पट्टी आली. आणि १९५२ साली ब्रायटलिंग या कारखान्याने वैमानिकांसाठी 'नाव्हिटायमर' नावाचे घड्याळ काढून या सर्वांवर ताण केली. त्याच्या काचेभोवतीचे कडे फिरविले की त्याची वर्तुळाकार स्लाइड रूल होते, आणि तिच्यावर विमानाचा वेग, इंधनाचा खप, मैलांचे किलोमीटर, सगळे हिशेब मांडता येतात. नवख्याला ही तबकडी म्हणजे मुंग्यांचे वारूळ वाटेल. वैमानिकाला मात्र तीत एकही मुंगी जादा नव्हती. १९६२ च्या मे महिन्यात स्कॉट कार्पेंटर हा अमेरिकन अंतराळवीर याच घड्याळाची चोवीस तासांची तबकडी असलेली आवृत्ती मनगटावर बांधून पृथ्वीभोवती फिरून आला.

म्हणजे गजबज ही मुळात कष्टकऱ्यांची, आणि मोकळी तबकडी ही सवड असणाऱ्यांची. आज आपण भरगच्च घड्याळाला श्रीमंतीचा माज म्हणतो, तेव्हा ही वंशावळ आपण विसरलेलो असतो.

या वंशावळीतील सर्वांत नवलाचा अध्याय रोलेक्सच्या एका तबकडीचा आहे. १९६३ साली त्या कंपनीने मोटार-शर्यतीसाठी घड्याळ काढले; ते 'डेटोना' नावाने ओळखले जाते. त्यातल्या काही घड्याळांना नेहमीपेक्षा निराळी तबकडी बसविली होती. लहान तबकड्यांचा रंग मुख्य तबकडीच्या अगदी उलट, आकड्यांचे वळण चमत्कारिक, आणि खुणांच्या रेघांच्या टोकांवर चिमुकले चौकोन. गिऱ्हाइकांना ती आवडली नाही. दुकानदारांकडे ही घड्याळे पडून राहात, आणि साध्या तबकडीची आधी उचलली जात. अशातलेच एक नट पॉल न्यूमन याला त्याच्या पत्नीने, जोअॅन वुडवर्ड हिने भेट दिले. नवऱ्याला शर्यतींचा नाद. म्हणून घड्याळाच्या पाठीवर तिने गाडी सांभाळून चालविण्याची प्रेमळ ताकीद कोरून घेतली होती. न्यूमनच्या मनगटावरच्या त्या तबकडीला संग्राहकांनी पुढे त्याचेच नाव दिले. आणि जिला कोणी विचारीत नव्हते तिच्यासाठी माणसे खंड पालथे घालू लागली. २६ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यूयॉर्क येथे फिलिप्स यांच्या लिलावात न्यूमनचे ते घड्याळ १ कोटी ७७ लाख ५२ हजार ५०० डॉलरांना गेले. तबकडी तीच, चौकोनही तेच. पाहणारे डोळे तेवढे पालटले होते. (ज्या दुकानदारांनी ती कंटाळून सवलतीत काढून टाकली असतील, त्यांना त्या रात्री झोप कशी लागली असेल कोण जाणे!)

आता मुख्य कथेकडे वळू. ल ब्रासू हे स्वित्झर्लंडच्या जुरा पर्वतातील व्हाले द जू या खोऱ्यातले छोटेसे गाव. हिवाळे लांबलचक, बर्फाने रस्ते बंद. तेव्हा तिथले शेतकरी घरात बसून घड्याळांचे भाग तयार करीत. त्यातूनच १८७५ साली तिथे ऑडेमार पिगे ही पेढी निघाली. १९७० च्या आसपास तिचे चालक जॉर्ज गोले यांनी एका दुपारी चारच्या सुमारास जेराल्ड जेंटा या आरेखकाला फोन केला. पोलादाचे घड्याळ हवे, आजवर कोणी पाहिले नाही असे हवे, आणि त्याचे चित्र उद्या सकाळी हवे! जेंटा त्या वेळी चाळिशीच्या घरात होता. लहानपणी जिनिव्हात त्याने एका पाणबुड्याच्या डोक्यावर शिरस्त्राण चढविताना पाहिले होते. त्याच्या गळपट्टीवरचे बोल्ट आणि रबराची चकती त्याच्या मनात राहून गेली होती. रात्रभरात त्याने अष्टकोनी कड्यावर आठ स्क्रू उघडपणे मांडलेले घड्याळ काढले. १९७२ साली बाझेलच्या प्रदर्शनात ते 'रॉयल ओक' या नावाने लोकांपुढे आले.

त्यावर तास-मिनिटांचे दोन काटे आणि तारीख, एवढेच. पण रुंदी ३९ मिलिमीटर, त्या काळच्या मानाने अवाढव्य. तबकडीवर चौकड्यांची नक्षी होती, आणि ती ब्रेगेच्या तबकड्यांच्याच जातीच्या यंत्रावर जिनिव्हातल्या स्टर्न नावाच्या तबकडीकारांकडे कोरली गेली होती. किंमत सुमारे ३,३०० फ्रँक! पोलादाच्या घड्याळाला सोन्याच्या घड्याळाहून जास्त दाम मागणे हा तेथील धंदेवाल्यांना निव्वळ वेडेपणा वाटला. पेढी काही महिन्यांत बुडणार, अशी भाकिते झाल्याचे सांगतात. घड्याळ खपलेही हळूहळूच.

बुडण्याची वेळ मात्र दुसऱ्याच दिशेने आली होती. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेइकोने क्वार्ट्झचे पहिले मनगटी घड्याळ विक्रीला आणले होते. स्फटिकाच्या कंपनांवर चालणारे ते यंत्र उत्तमोत्तम स्विस यंत्रापेक्षा अचूक चाले, आणि थोड्याच वर्षांत ते स्वस्तही झाले. स्विस घड्याळधंद्यात १९७० साली सुमारे ९० हजार माणसे होती. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांतली जेमतेम तिसरा हिस्सा उरली. वेळ सांगण्याच्या कामात चाव्यांचे घड्याळ हरले होते. आता ते विकत घ्यावयाचे तर कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर कालात्राव्हाच्या निमूटपणात सापडण्याजोगे नव्हते. काही अंशी ते त्या आठ स्क्रूंत सापडले. मनगटावर काहीतरी आहे असे वाटावे, यासाठी लोक पैसे मोजू लागले. अभिरुचीसंपन्न मंडळींनी ज्याला बटबटीत म्हटले, त्याने त्या खोऱ्यातील कित्येक चुली पेटत्या ठेवल्या.

पुढे वीस वर्षांत रॉयल ओक स्वतःच प्रतिष्ठित झाले, आणि तरुणांना ते नाजूक वाटू लागले. तेव्हा त्याच पेढीने एमान्युएल ग्वे या विशीतल्या आरेखकाकडे नवे काम सोपविले. १९९३ साली त्याचे 'ऑफशोर' बाझेलला मांडले गेले. रुंदी ४२ मिलिमीटर आणि जाडी तशीच दांडगी. कड्याखालून डोकावणारी काळी रबराची चकती, कळांवर रबराच्या टोप्या, तबकडीवर आणखी तीन तबकड्या, वेग मोजण्याची पट्टी, तारखेवर भिंग. लोकांनी त्याला 'श्वापद' असे नाव ठेवले. आणि ग्वेने पुढे सांगितल्याप्रमाणे, या प्रदर्शनात तावातावाने येऊन 'माझ्या रॉयल ओकचा सत्यानाश केलात' म्हणून आरडाओरड करणारा गृहस्थ दुसरातिसरा कोणी नसून खुद्द जेराल्ड जेंटा होता!

हे घड्याळही आधी अडखळले आणि नंतर चालले, इतके की त्याच्यामागून साऱ्या धंद्याने आकार वाढविले. २००१ साली रिशार मील याने आपले पहिले घड्याळ काढले, आणि त्याच्या पाठोपाठच्या घड्याळांत तबकडी जवळजवळ नाहीशीच होऊन सगळी चाके उघड्यावर आली. २००५ साली उब्लोचे 'बिग बँग' निघाले. माझे मत विचाराल तर मील यांच्या घड्याळांत वेळ वाचताना मला आमच्या मामांसारखाच घाम फुटेल. पण २०१० साली टेनिसपटू नडालसाठी केलेले त्यांचे घड्याळ पट्ट्यासकट वीस ग्रॅमच्या आत होते, आणि ते बांधून तो सामने खेळला, हे कळल्यावर मी त्यांची थट्टा आवरती घेतली. मला खरा राग येतो तो दुसऱ्याच प्रकाराचा: ज्या पट्टीवर काहीही मोजता येत नाही अशी पट्टी, आणि काहीही न धरणारा स्क्रू. नाव्हिटायमरची दाटी मला प्रिय आहे. ऑफशोरचे रबरही निदान पाणी अडविते.

आपल्याकडील साधेपणाचा इतिहासही वाटतो तितका सोवळा नाही. मामांचे 'जनता' ज्या कारखान्यातले, तो बंगलोरचा कारखाना १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने सुरू झाला. साधी तबकडी ही तिथे अभिरुचीइतकीच काटकसरीचीही गोष्ट होती. २०१६ साली ती घड्याळ कंपनी बंद करण्यास केंद्र सरकारने मान्यता दिली. आणि तीच जुनी घड्याळे मुंबईच्या बाजारात आता काय रूप घेतात पाहा! तबकडी खरवडून तिच्यावर नारिंगी, पोपटी, जांभळे रंग, रंगीत वर्तुळे, ठळक आकडे चढवितात. परदेशी संग्राहकांत हा माल 'मुंबई स्पेशल' या नावाने ओळखला जातो. काही संग्राहक त्याला नाके मुरडतात, आणि काही मुद्दाम तोच मागवितात. मामांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी बाही खाली ओढून आपले घड्याळ झाकून घेतले.

जेंटाचे एवढेच सांगावयाचे राहिले. ऑफशोरवर तो संतापला खरा. परंतु १९८४ साली त्याने स्वतःच प्रतिष्ठित घड्याळांच्या एका प्रदर्शनात सोन्याच्या घड्याळांवर मिकी माउस मांडला होता, आणि चालकांनी ती घड्याळे काढून घेण्यास सांगितल्यावर तो रागाने निघून गेला होता. २०११ साली तो वारला. २०२२ साली त्याच्या स्वतःच्या मनगटावरचे रॉयल ओक जिनिव्हात लिलावाला निघाले आणि वीस लाखांहून अधिक फ्रँकांना गेले. ते पोलादीच होते, पण त्याचे अष्टकोनी कडे पिवळ्याधमक सोन्याचे होते. पेढीने ते तसे विकलेले नव्हते. जेंटाने आपल्या आवडीप्रमाणे ते बदलून घेतले होते.